काठावरचा घास

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्येची रात्र लागते. वीज गेलेली, कुत्रं रडतंय, पिंपळाखाली पांढरं काहीतरी उभं आहे. माझ्याकडे तसलं काही नाही. माझी गोष्ट भर दुपारची आहे आणि तीही जेवणाची. तुमचं जेवण झालं असेल तर सांगतो. झालं नसेल तर आधी जेवून घ्या, मी थांबतो.

मी प्रसेनजित. अमरावतीला राहतो आणि सोलर पंपाच्या एका कंपनीत दुरुस्तीचं काम करतो. विहिरीवर पॅनल बसवून देणारे लोक वेगळे असतात. ते शेतकऱ्यासोबत फोटो काढतात आणि निघून जातात. पुढं पंप रुसला की शिव्या खायला मला पाठवतात. मागच्या हिवाळ्यात वाशीम जिल्ह्यातून एकदम बऱ्याच तक्रारी आल्या. रिठदचे पंप बंद, जऊळक्याचे बंद. साहेब म्हणाले, आठवडाभर तिकडेच मुक्काम टाक आणि सगळं उरकूनच ये.

मुक्काम टाकायला माझी ना नव्हती. प्रश्न सुजूचा होता.

सुजू म्हणजे सुजाता, माझी मुलगी. तेव्हा सहा वर्षांची. खीर देऊन सिद्धार्थाचा उपास सोडवणारीचं नाव आम्ही हौसेनं ठेवलं, आणि पोरगी अशी निघाली की तिचाच उपास कुणाला सोडवता येईना. माझी बायको राखी त्या पावसाळ्यात डेंग्यूनं गेली. बघता बघता गेली. त्यानंतर सुजूचं जेवण तुटलं. ती रडायची नाही, हट्ट करायची नाही. ताटापुढं शहाण्यासारखी मांडी घालून बसायची, दोन घास गिळायची आणि म्हणायची, "झालं." मी "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" करून पाहिलं. माकडासारखा नाचून पाहिलं. सल्ले द्यायला तर अख्खी गल्ली तयार होती. कुणी म्हणे नजर काढा, कुणी म्हणे टॉनिक द्या, आणि एका मावशींनी तर माझ्यासाठी स्थळच आणलं. शेवटी डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघून सांगितलं, असंच चाललं तर भरती करावं लागेल, नाकातून नळी घालून दूध द्यावं लागेल. ते ऐकल्यापासून मी सुजूच्या बरगड्यांकडे बघायचंच टाळत होतो.

तर मुक्कामाला जागा शोधत मी मोबाइल चाळत होतो. जऊळक्याला, स्टेशनापासून जवळ, चार खोल्यांचा एक मेहमानखाना सापडला. कापसातून सरकी काढणाऱ्या जुन्या जिनिंगच्या ऑफिसाची इमारत डागडुजी करून घेतलेली. फोटो बरे होते, पण मी वाचत बसलो ते तिथं राहून गेलेल्या लोकांनी लिहिलेलं. एकानं लिहिलं होतं, "खोली स्वच्छ, पाणी गरम, आजींचा आग्रह विसरणार नाही." दुसऱ्यानं, "आमचा मुलगा घरी एक पोळी खात नाही, इथं आजींनी दोन भाकरी चारल्या." एका तिरसट माणसानं लिहिलं होतं की साखरेचा आजार आहे असं सांगूनही आजींनी पुरणपोळी वाढलीच, म्हणून एक स्टार कापत आहे. मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि त्याच मिनिटाला खोली ठरवली. खोट्या आशेवर किती लांब जातो माणूस, असं तुम्ही म्हणाल. ज्याचं लेकरू जेवत नाही त्यानं म्हणून बघावं.

मेहमानखान्याचे मालक जमशेदभाई आम्हाला घ्यायला फाटकापर्यंत आले. मेंदी लावलेले लाल केस, खांद्यावर रुमाल आणि तोंडाची टकळी सुरू. पूर्वी इथं कापसाच्या गाड्या कशा लागत, मोसमात रांग स्टेशनापर्यंत कशी जाई, हे त्यांनी सामान खोलीत जाईपर्यंत सांगून संपवलं. इमारत उंच छपराची, छपराखाली सागवानी तुळयांच्या कैच्या. भिंतींना नवा चुना होता, तरी कोपऱ्यांतून सरकीचा जुना तेलकट वास येत होता. मागच्या बाजूला कामगारांची खानावळ होती. तीच आता पाहुण्यांची जेवायची खोली. टेबलं एका कडेला आणि दुसऱ्या कडेला, कुणाला खाली बसायचं असेल तर, जुने पाट.

जमशेदभाईंची बायको लतीफाभाभी पाणी घेऊन आली. ठेंगणी, बाह्या वर केलेल्या, डोळे सरळ तुमच्या डोळ्यांत. सुजूच्या काड्यांसारख्या हातांकडे बघून ती चुकचुकली.

"भाभी, आजी कुठं हायेत?" मी विचारलं. "या पोट्टीसाठीच आलो म्हना ना मी. लय नाव वाचलं त्यायचं."

ग्लास पुढं करता करता भाभीचा हात थांबला. जमशेदभाई छपराच्या कैच्या मोजल्यासारखे वर बघू लागले.

"असन इथंच," भाभी म्हणाली. "थे काई सारखी दिसत नाई."

म्हातारं माणूस, दुपारी पडलं असेल, असं मी समजलो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच रिठदला गेलो. सुजूला भाभीनं ठेवून घेतलं, मला खाला म्हण म्हणाली. तिथल्या शेतात कंट्रोलर जळालेला, मालक माझ्यावर तापलेला आणि माझं सगळं लक्ष मोबाइलकडे. परत आलो तेव्हा उन्हं कलती झाली होती. जेवायच्या खोलीत सुजू चटईवर गाढ झोपली होती. ओठांवर दुधाची मिशी. शेजारी ताट. ताट रिकामं होतं, पुसून घेतल्यासारखं. फक्त काठावर दूध-भाकरीचा सुपारीएवढा एक गोळा ठेवलेला होता.

"तुमी चारलं?" मी भाभीला विचारलं.

"नाई ना भाऊ. म्या दूध-भाकर कुस्करून ठेवली अन् नमाजाले गेली. आली तं हे असं."

मी तिथंच खाली बसलो आणि रडलो. लाज वाटायचं काही कारण नव्हतं. पोरीचं पोट वर आलं होतं, टम्म. मी त्यावर हात ठेवून बसून राहिलो. ती जागी झाल्यावर विचारलं, "कोनं भरवलं वं तुले?"

"आजीनं."

"कशी हाय आजी?"

"हात खरखरीत हाय. पन बोटं गरम हायेत."

"अन् दिसते कशी?"

सुजूनं विचार केला. "मले काय मालूम? मी तिच्या मांडीत बसतो, थे मांगून भरवते."

"अन् हा घास काहून ठेवला?"

"आईचा हाय," ती सहज म्हणाली. "आजी म्हनते, जे पंगतीले येतीन त्यायचा घास पोटात. जे नाई येऊ शकत त्यायचा काठावर."

माझ्या अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. आमच्या घरी मेलेल्या माणसासाठी घास काढून ठेवत नाहीत. माझ्या वडिलांनीच ते बंद केलं, आणि राखीच्या वेळी मीही केलं नाही. जमशेदभाईंच्या घरी तो रिवाज असायचं कारण नाही. मग हे पोरीला शिकवलं कुणी? आजींनी. आजींना भेटून पाया पडावं, असं मी ठरवलं.

सकाळी चहाला अमरसिंग भेटले. पोहरादेवीकडचे, स्वतःचा ट्रक असलेले, सरकीच्या खेपा करणारे. महिन्या-दोन महिन्यांनी या मेहमानखान्यात ठरलेले. त्यांनी सुजूकडे बघून मला डोळा मारला.

"भेटली काय आजी?"

"पोट्टीले भेटली. मले कवा भेटते कोन जाने. तुमी पाह्यली काय?"

"पाह्यली नाई बुवा. ताटात भाकर येते, बस." ते हसले, मग आवाज खाली आणला. "एक सांगतो. पोट भरलं तं तोंडानं नाई म्हनू नका. तोंडाचं ऐकतच नाई थे. ताटावर हात आडवा धरायचा, तवा थांबते. मी एकडाव सहा भाकरी खाल्ल्या होत्या, हात धराचं मालूम नव्हतं."

मी हसलो. ते हसले नाहीत. कपाळाला हात लावून जेवायच्या खोलीकडे त्यांनी नमस्कार केला आणि ट्रककडे गेले.

आता मला कळायचं ते कळायला लागलं होतं. मी स्वयंपाकघरात गेलो. लतीफाभाभी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"भाभी, खरं सांगा. आजी कोन?"

तिनं सूप बाजूला ठेवलं. आणि सांगितलं, सरळ, न घाबरता, आपल्या सासूबद्दल सांगावं तसं. प्रयागबाई जिनिंगच्या खानावळीत स्वयंपाक करायची. जिनिंग बंद पडलं, कामगार पांगले, मालक गेले, पण ती गेली नाही. जाणार कुठं? मूल नाही, बाळ नाही. जमशेदभाईंनी इमारत घेतली तेव्हा ती इमारतीसोबतच आली. पहिल्या पहिल्या पाहुण्यांना तिनंच रांधून घातलं. मग एका दुपारी भाकरी थापता थापता भिंतीला टेकली आणि संपली.

"त्याले चार वर्सं झाले," भाभी म्हणाली. "पह्यल्यांदा एका पाहुन्यानं जाताना म्हटलं, आजीले सलाम सांगजा, तवा माह्या हातातली कपबशी फुटली. मौलवीसाहेबाले बलावलं. त्यायनं पानी शिंपलं, दुआ पढली, अन् जेवाले बसले. तं तेच दोन भाकरी जास्त खाऊन गेले!" ती हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आमी काय कराव भाऊ? हाकलून देऊ काय तिले? कोनाचं वाईट नाई केलं तिनं. पाहुन्याले सांगत नाई, कारन भेव वाटन. पन तुमचं लेकरू जेवून राह्यलं. राहू द्या."

तुम्ही असता तर काय केलं असतं? बॅग भरली असती? मी भरली नाही. मेलेल्या बाईनं माझ्या पोरीला जेवू घातलं, जित्या बापाला ते जमलं नाही. मी दुसऱ्या दिवशीही सुजूला तिथंच ठेवून कामावर गेलो. तिच्या गालांना रंग येत होता. अंगणात ती दूधवाल्या ग्यानबा आजोबांच्या मागं त्यांची किटली वाजवत धावायला लागली होती. राखी गेल्यापासून मी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

पण बघायचं होतंच. नुसतं ऐकून माणसाचं समाधान होत नाही. पुढच्या दिवशी काम लवकर आटोपलं आणि मी भर दुपारी परतलो. फाटक न वाजवता मागच्या बाजूनं जेवायच्या खोलीच्या खिडकीशी गेलो.

ऊन स्वच्छ होतं. मघापर्यंत कडुनिंबावर चिमण्यांचा कालवा होता, तो थांबला होता. खिडकीतून वास आला, चुलीच्या धुराचा आणि भाकर फुगते तेव्हाचा. भाभीच्या घरात चूल नाही, गॅस आहे. मग काचेच्या बांगड्यांचा बारीक आवाज आला. किण्... किण्... ताटाच्या काठाला लागल्यासारखा. मी आत डोकावलो.

सुजू पाटावर बसली होती. पुढं ताट. ती मागं रेलली होती, आरामात, पाय पसरून. मागं भिंत नव्हती. मागं काहीच नव्हतं. तुम्ही तसं रेलून बघा, पडाल. ती पडत नव्हती.

"हा घास चिऊचा," ती म्हणाली आणि आ केला. तोंड मिटलं तेव्हा गाल भरलेला होता. घास ताटातून उचलला जाताना मला एकदाही दिसला नाही. मी पापणी मिटायचो, तेवढ्यात तो तिच्या तोंडात असायचा. "हा घास काऊचा... हा खालाचा... हा अमरसिंग काकाचा... हा बाबाचा." प्रत्येक नावाला ती आ करत होती. ताटातलं दूध खाली खाली चाललं होतं. मग ती म्हणाली, "हा आईचा," आणि आ केला नाही. मी डोळे उघडे ठेवले, पाणी येईपर्यंत ठेवले, शेवटी मिटावेच लागले. उघडले तेव्हा काठावर गोळा होता.

"अन् हा ग्यानबा आजोबाचा," सुजू म्हणाली.

आईच्या गोळ्याशेजारी दुसरा गोळा.

मग तिचं तोंड पुसलं गेलं. ओठ डावीकडून उजवीकडे ओढले गेले, गाल चिमटल्यासारखा दबला, जसं कुणी पदरानं घाईघाईत पुसतं. सुजू हसली. मी खिडकीखाली बसलो. मला भीती वाटायला हवी होती ना? मला हेवा वाटला. खरंच सांगतो, त्या मांडीचा हेवा वाटला.

भीती दुसऱ्या दिवशी सकाळी वाटली. दुधाची किटली घेऊन ग्यानबा आजोबा आले नाहीत. त्यांचा भाचा आला, रिकाम्या हातानं. पहाटे म्हैस सोडायला उठले आणि गोठ्यातच गेले, म्हणाला. आदल्या सकाळी चांगले होते. आदल्या दुपारी त्यांचा घास काठावर गेला होता.

मी कुणाशी काही न बोलता बॅग भरायला घेतली. साहेबांना काय सांगायचं ते मी नंतर बघणार होतो.

भाभी दारात येऊन उभी राहिली. "काहून भाऊ, एकदम?"

"ग्यानबाबुवाचा घास काल काठावर होता, भाभी."

ती दारातून बाजूला सरकली आणि हळूच म्हणाली, "जा. म्या कोन थांबवनारी? पन लेकराले जेवू घालून जा. या घरातून उपाशी कोनी गेलं नाई... थे जाऊ देनार नाई."

आणि मी खोलीतून बाहेर येऊन बघतो तर सुजू आधीच पाटावर जाऊन बसली होती. ताट वाढलेलं होतं. कुणी वाढलं, ते मी विचारलं नाही. तिला ओढून उठवावं असं मनात आलं, पण सकाळपासून मी तिला खायला घालायचा प्रयत्न केला होता आणि तिनं पुन्हा तेच केलं होतं, दोन घास आणि "झालं." समोर अमरावतीपर्यंतचा रस्ता होता आणि त्या रस्त्याच्या शेवटी ती नळी. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसलो, अगदी चिकटून. माझ्या दंडाला ऊब लागत होती. ती सुजूची नव्हती, सुजू दुसऱ्या बाजूला होती.

"हा चिऊचा... हा काऊचा..." ती खात होती, मजेत. "हा खालाचा, हा जमशेदचाचाचा... हा बाबाचा." तो घास तिनं चावून गिळला. मी श्वास सोडला.

"हा आईचा." काठावर.

"हा ग्यानबा आजोबाचा." काठावर.

मी ताटावर हात आडवा धरला. दोन्ही हात धरले. अमरसिंग म्हणाले होते, थांबते. "पुरे," मी म्हणालो, "आजी, पुरे करा. लय झालं... हात जोडतो." माझ्या हाताच्या पाठीवर काहीतरी टेकलं. खरखरीत, गरम. दोनदा थोपटलं, रागावलेल्या पोराला थोपटावं तसं. आणि माझे हात, मी काही न करता, बाजूला झाले.

"अन् हा घास," सुजू म्हणाली, "सुजूचा."

तिनं आ केला नाही.

काठावर तिसरा गोळा आला. छोटा, पांढरा, बोटांचे ठसे उमटलेला. पुढं मी काय केलं ते मी ठरवून केलं नाही. मी तो उचलला आणि माझ्या तोंडात घातला. मेलेल्याच्या नावाचा घास कावळ्याचा, माणसानं तो खाऊ नये, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. मी खाल्ला. चावलादेखील नाही, गिळला. तो कोमट होता आणि त्यात चिमूटभर मीठ होतं.

बांगड्यांचा आवाज थांबला. सुजूचा तोल गेला आणि ती मागं पाटावरून चटईवर पडली, जणू आधार काढून घेतला. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, थो तं माहा होता ना!"

"मीच खाल्ला. चल."

फाटकाशी भाभीनं मला थांबवलं. माझा चेहरा पाहून तिनं सगळं काढून घेतलं माझ्याकडून. ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अल्ला! भाऊ, थे काई यम हाय काय? खानावळ चालवे तवापासून तिची सवय होती थे. कोनी कामगार पाळीवर असो, गावी गेला असो, आजारी असो, त्याच्या नावाचा घास काठावर काढून ठेवे. उद्याच्या पंगतीले जो नाई, त्याचा घास. तुमी पोरीले घेऊन चालले, उद्या थे जेवाले नाई, म्हनून ठेवला. जीव लावला होता तिनं पोट्टीले. दुसरं काई नाई."

किती साधं होतं! मी हसलो, रडलो, काय केलं कुणास ठाऊक. भाभीनं सुजूच्या हातावर गूळ ठेवला. जमशेदभाईंनी पुन्हा यायचं वचन घेतलं. मी जेवायच्या खोलीकडे तोंड करून हात जोडले आणि मनात म्हणालो, आई, माफ कर, तुझ्यावर संशय घेतला.

गाडीत सुजू मांडीवर झोपली. वाशीमकडचं मालेगाव मागं पडलं. कापसाची शेतं पांढरी दिसत होती. मी त्या चिमूटभर मिठाची चव आठवत होतो आणि मनात लतीफाभाभीचं बोलणं पुन्हा पुन्हा फिरवत होतो, गोड वाटत होतं म्हणून. उद्याच्या पंगतीला जो नाही, त्याचा घास काठावर. उद्या सुजू नाही. बरोबर.

पण उद्या मीही नव्हतो. मीही त्याच गाडीनं निघालो होतो. माझा घास पोटात गेला होता, पंगतीला येणाऱ्यांच्या, भाभीच्या आणि जमशेदभाईंच्या घासासोबत.

बरेच दिवस मी ते सुजूला विचारलं नाही. आता ती मस्त जेवते. घरी जेवते, शाळेत जेवते, शेजारणीकडे बोलावलं तर तिथंही हात मारून येते. डॉक्टरांनी वजन केलं तेव्हा माझी पाठ थोपटली, जसं काही मीच केलं. नळीचं नाव निघत नाही. माझी प्रकृतीही ठणठणीत आहे, तपासून घेतली. साहेब म्हणतात वाशीमचे पंप पुन्हा बोंबलताहेत, दुसऱ्याला पाठवा असं मी म्हणतो.

काल रात्री भाकर वाढताना राहवलं नाही. मी विचारलं, "सुजू, त्या दिवशी आपन दोघंही निघालो होतो. मंग माहा घास काठावर काहून नाई ठेवला आजीनं?"

"ताट वाढलं तवाच म्या इचारलं होतं तिले," सुजू म्हणाली. "थे म्हने, तुह्या बाबाले कोनी वाढतच नाई. उभ्या उभ्या तुहं उष्टं खाते बिचारा. त्याले मी बसवून वाढीन."

खरं आहे ते. राखी गेल्यापासून मला कुणी ताट वाढलेलं नाही, आणि मी बसून जेवलेलो नाही. पण हे मी कुणालाच बोललो नव्हतो, आणि त्या घरी तर मी तो एक घास सोडला तर जेवलोच नव्हतो, बाहेरच काहीबाही खाऊन यायचो. कुणीतरी आपली एवढी काळजी केली, याचं बरंच वाटलं. मग मी विचारलं, "कवा वाढीन म्हनते?"

सुजू भाकरीचा तुकडा मोडत होती.

"थे नाई सांगतलं," ती म्हणाली. "पन ताट मांडलं म्हने."